दोन वडूज

ऑक्टोबरातील एका रविवारी दुपारी दोनच्या सुमारास वडूजच्या बाजारपेठेतील एका कापडदुकानात मोबाईल वाजला आणि पलीकडून नातीचा आनंदाने फुललेला आवाज आला, "आजी, मी आत्ता वडूजमध्ये आहे!" काकींनी प्रथम दुकानाच्या दाराकडे पाहिले. बाहेर उन्हात एक रिकामा हातगाडा उभा होता, दुसरे कोणी नव्हते. नात तर झुरिचला शिकत होती.

खुलासा लवकरच झाला. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधल्या घडीत लिश्टेनस्टाइन नावाचा एक चिमुकला देश आहे आणि त्याच्या राजधानीचे नाव रोमन लिपीत लिहिले तर आपल्या वडूजसारखेच दिसते, शेवटचे अक्षर तेवढे निराळे. तेथील लोक जर्मन वळणाने त्याचा उच्चार 'फाडुत्स' असा करतात. पण बसच्या पाटीवर ते नाव वाचताच नातीला आजीचे दुकान आठवले आणि तिने उतरल्या उतरल्या फोन केला. झुरिचहून तासाभराची रेल्वे, झार्गान्स स्टेशनात उतरून पुढे बस, संध्याकाळी परत. सकाळी जाऊन रात्री घरी येता येईल असा परदेश!

"बरोबर कोण आहे?" काकींनी विचारले.

"कोणी नाही. एकटीच आले आहे. आता वर डोंगरात जाणार."

पेठेत सारे जण त्यांना काकी म्हणतात. येथेही तेवढे नाव पुरे आहे. वय ६४. यजमानांना जाऊन तीन वर्षे झाली. थोरला मुलगा पुण्यात, धाकटा येथे दुकानात. नात थोरल्याची. एरवी काकींनी फोनवर 'जेवलीस का' आणि 'थंडी किती' यापलीकडे फारसे विचारले नसते. त्या दिवशी मात्र त्या पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या.

नातीने सांगितलेला तो देश मोठा गमतीचा. क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या खटाव तालुक्याच्या पासंगालाही पुरणार नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम पंचवीस किलोमीटर. वस्ती चाळीस हजारांच्या घरात. विमानतळ नाही, स्वतःचे चलन नाही, आणि १८६८ पासून सैन्यही नाही. एका बाजूला ऱ्हाइन नदी, दुसऱ्या बाजूला आल्प्सचे डोंगर, आणि राजधानीच्या डोक्यावर कड्यावर राजाचा वाडा. राजा त्यात खरोखरच राहतो, म्हणून तो पाहुण्यांना आतून पाहता येत नाही. राष्ट्रीय दिन १५ ऑगस्ट. लिश्टेनस्टाइन हे मुळात एका सरदार घराण्याचे नाव. त्या घराण्याने १६९९ मध्ये एक आणि १७१२ मध्ये दुसरी अशा दोन जहागिरी खरेदी केल्या, आणि १७१९ मध्ये सम्राटाने त्या जोडून त्यांना घराण्याचेच नाव दिले.

"म्हणजे देश विकत घेतला?" काकींनी विचारले. व्यापाऱ्याच्या घरातील बाईला सुचावा असाच हा प्रश्न होता.

रात्री फोटो आले. 'राजाची पायवाट' अशा अर्थाच्या नावाची, १८९८ मध्ये कड्याच्या पोटातून काढलेली एक अरुंद वाट. काही ठिकाणी धरायला लोखंडी दोर. खाली धुक्यात नदीचे खोरे. एका फोटोत दगडावर उघडलेला डबा आणि डब्यात खाकरे. काकींनी तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. डोंगरापेक्षा त्यांना नवल वाटत होते ते फोटोत दुसऱ्या कोणाची सावलीही नव्हती याचे.

* * *

त्याच आठवड्यात धाकट्याने विषय काढला. तो कधीतरी निघणार हे सर्वांना ठाऊक होते. दिवाळीत वहीपूजन झाले की वडूजचे दुकान आवरायचे आणि चिंचवडला थोरल्याच्या जोडीने मोठी जागा घ्यायची. हिशेब चोख होता. पूर्वी लग्नसराईत आसपासच्या गावांतून बस्ता बांधायला माणसे येत, दिवस दिवस गादीवर बसून लुगडी उलगडून पाहत, जेवूनही जात. आता नवरा-नवरीच मोबाईलवर रंग ठरवून सातारा नाहीतर पुणे गाठतात. उधारीची खतावणी जाड होत चालली आणि गल्ला हलका. पेठेतील आपल्या समाजाच्या किती घरांना आज कुलपे आहेत हे मोजायला बसू नये हे बरे. पर्युषणात ती आठ-दहा दिवस उघडतात, एवढेच.

"आणि तू आमच्याबरोबर," मुलगा म्हणाला. "इथे एकटी कशी राहशील?"

मुलाचे म्हणणे वावगे नव्हते हे आधीच नोंदवले पाहिजे. आईला मागे टाकून जाणारा मुलगा आणि आईला उचलून नेणारा मुलगा यांत लोक दुसऱ्यालाच चांगला म्हणतात, आणि तसे म्हणण्यात चूकही नाही. सूनही मनापासून म्हणाली, "आई, तुमच्यासाठी खालच्या मजल्यावरची खोली ठेवली आहे, जिना चढायला नको." काकींनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

त्या रात्री त्यांनी मनाशी एक रोजमेळ मांडला. आयुष्यात आपण एकट्या कोठे कोठे गेलो? सम्मेदशिखरजीला गेलो ते पंचेचाळीस जणांच्या यात्रेत. श्रवणबेळगोळला २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला गेलो ते दोन बसगाड्या भरून. माहेरी जाताना दीर, बाळंतपणाला भाऊ, साताऱ्याच्या डॉक्टरांकडे यजमान, आणि ते गेल्यावर मुलगा. जमेच्या बाजूला एकही रक्कम पडेना. तेव्हा एकटी राहू शकेन असे कोणत्या आधारावर म्हणायचे? आणि राहू शकणार नाही असे तरी मुलाने कोणत्या आधारावर म्हणायचे? माल एकदाही काट्यावर चढला नव्हता आणि दोन्ही बाजू वजन सांगत होत्या.

दिवाळी झाली. वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष लागले. मार्गशीर्षात टेम्पो ठरला. त्याच्या आधल्या आठवड्यात एका सकाळी काकी म्हणाल्या, "मी उद्या औंधला जाऊन येते. यमाईचा डोंगर चढणार आहे."

"गाडी काढतो," मुलगा म्हणाला. "वरपर्यंत रस्ता आहे."

"गाडी नको. एसटीने जाईन. एकटी."

घरात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग सुनेने डब्याचे विचारले.

* * *

औंधच का, याला कारण होते. काकींचे सासरे औंधला नेहमी 'परमुलूख' म्हणत. वडूजपासून पाच-सहा कोसांवरचे ते गाव, पण त्यांच्या लहानपणी वडूज इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात आणि औंध पंतप्रतिनिधींच्या संस्थानात. औंध, आटपाडी, कुंडल, आणि पार विजापूरकडचे गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांचे ते राज्य, सगळे मिळून सुमारे पाचशे चौरस मैल. नातीच्या देशाशी ताडून पाहिले तर आठपट भरते. तरीही हिंदुस्थानच्या नकाशावर ते ठिपक्यांचे राज्य होते, आणि कापडाचा गठ्ठा सायकलला बांधून सासऱ्यांचे वडील ती अदृश्य सरहद्द आठवड्याला ओलांडत.

सासरे सांगत त्या गोष्टीत एक दिवस पुन्हा पुन्हा येई. ९ सप्टेंबर १९४२. वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी आसपासच्या गावांतून मोर्चा आला, पोलिसांनी गोळीबार केला आणि नऊ जण हुतात्मे झाले. परशुराम घार्गे त्यांचे पुढारी. सासरे तेव्हा शाळकरी होते. पेठेतील दुकानांच्या फळ्या दिवसा पडलेल्या त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. "आणि गंमत बघा," ते म्हणत, "इथं झेंडा लावायला निघालं तर गोळी, आणि पाच कोसांवर औंधात लोकांचंच राज्य!"

ती गंमत खरी होती. औंधचे राजे भवानराव यांनी १९३८ मध्ये प्रजेला स्वराज्य देण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटनाच देऊन टाकली. गावपंचायती हा त्या कारभाराचा पाया. मसुद्याला गांधीजींचा सल्ला होता. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश अभियंता हे त्यामागचे कामकरी हात होते.  ज्या वर्षांत इतर संस्थानांत प्रजापरिषदेची माणसे तुरुंगात जात होती, त्या वर्षांत येथे तुरुंगाच्या भिंतीच काढून टाकल्या गेल्या. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर १९३९ चे. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला, कथा ग. दि. माडगूळकरांची, जे स्वतः याच संस्थानच्या मातीतले. (त्या चित्रपटात कैद्यांनी पिकवलेली स्वस्त भाजी पाहून मंडईतले व्यापारी खवळतात, हे आपल्या वाचकांनी हसून सोडून द्यावे.) पुढे प्रतिसरकारच्या भूमिगतांना कुंडलसारख्या संस्थानी गावांचा आधार मिळाला, तोही या ठिपक्यांच्या सरहद्दींमुळे.

तेव्हा नात ज्या उत्साहाने आपल्या छोट्या देशात गेली, त्याच हिशेबाने काकींनाही एक छोटा देश हाताशी होता. तिकीटही महाग नव्हते. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे.

आणखी एक आठवण या बेतामागे होती. सासूबाई रोज सकाळी देशव्रत घेत. 'आज पेठेपलीकडे जाणार नाही', 'आज घराच्या चौकाबाहेर जाणार नाही', असे स्वतःशी ठरवून त्या दिवसापुरता आपला देश आखून घेत. तरुणपणी काकींना ते व्रत म्हणजे स्वतःभोवती घातलेले कुंपण वाटे. त्या सकाळी देव्हाऱ्यासमोर णमोकार म्हणून झाल्यावर त्यांनीही देश आखला: वडूज ते औंधचा डोंगर, आणि परत. पलीकडे नाही. त्या क्षणी ध्यानात आले की सासूबाईंचा देश कितीही लहान असला तरी तो आखायच्या त्या स्वतः. त्यात दुसऱ्या कोणाचा हात नसे.

* * *

पिशवीत दशम्या, लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, दोन खाकरे आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. मुलाने मोबाईलवर 'लाइव्ह लोकेशन' लावून दिले, म्हणजे आई कोठे आहे हे त्याला दुकानातून दिसत राहील. काकींनी ते मुकाट्याने लावू दिले. सरहद्दीवर थोडी तडजोड करावीच लागते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू कंबरेएवढा झाला होता, मधूनच कांद्याचे वाफे. खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी कोणी ओळखीचे नव्हते म्हणून बोलावे लागले नाही, आणि न बोलता अर्धा-पाऊण तास बसणे ही किती सुखाची गोष्ट आहे याचा त्यांना अचंबा वाटला.

औंधच्या स्टँडवर उतरून त्यांनी गावातल्या यमाईच्या देवळासमोरची उंच दीपमाळ पाहिली आणि डोंगराची वाट धरली. मोटाररस्ता वळणे घेत वर जातो, पण त्यांनी पायऱ्यांची वाट घेतली. पहिल्या पन्नास पायऱ्या गर्वाने चढल्या, पुढच्या पन्नास मोजून, आणि त्यानंतर मोजणेही सोडून दिले. गुडघा उजव्या बाजूला कुरकुरू लागला. शिखरजीला चढताना पुढे-मागे कोणीतरी भजन म्हणत असे आणि पाय आपोआप पडत. येथे आपलाच श्वास ऐकू येत होता, आणि तो काही सुरेल नव्हता. एका कठड्यावर त्या टेकल्या तेव्हा मागून ओटीचे साहित्य घेऊन येणारी एक म्हातारी शेजारी बसली.

"एकट्याच आलाय व्हय?"

"हो."

"नवस हाय?"

"नाही."

"मग?"

काकींना उत्तर सुचेना. त्यांनी गुळाचा खडा पुढे केला. म्हातारीने तो घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. ती काकींपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी असावी. वरच्या वळणावर ती दिसेनाशी झाली तेव्हा काकी अजून पाणीच पीत होत्या.

माथ्यावर तटबंदीच्या आत मूळपीठाचे देऊळ आहे, काळ्या पाषाणातील देवीची बैठी मूर्ती आहे. कोणाही यजमानाच्या घरी मोठ्या बाईंना करावा तसा काकींनी नमस्कार केला आणि तटाच्या सावलीत येऊन बसल्या. चोहोकडे खटावचे उघडे-वाघडे रान पसरले होते. वडूजच्या बाजूला धुरकट निळसर पट्टा. तेथे कोठेतरी येरळा आणि तिच्या काठी आपले दुकान. दूरवर भूषणगड दिसत होता. तो डोंगर कोणत्याही रांगेत नाही. शेजारी ना भाऊ ना सोयरा, सपाट मुलखात एकटाच उभा. वडूजला उभा जन्म काढूनही त्यांनी तो असा कधी पाहिला नव्हता.

डबा उघडण्यापूर्वी त्यांनी दशम्यांचा फोटो काढून नातीला पाठवला. तिकडे नुकतीच सकाळ झाली असावी. उत्तर लगेच आले. "आजी! तुझा राजा कुठल्या वाड्यात राहतो?"

काकींनी खालच्या गावाकडे पाहिले. राजा आता नाही. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भवानराव गेले. त्यांनी ते लिहिले आणि उलट विचारले, तुझा राजा काय करतो? मग तटाच्या सावलीत बसल्या बसल्या दोन राजांची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी पुरी झाली. नातीच्या देशाचे राजे पिढ्यान्‌पिढ्या दूर व्हिएन्नात राहत. देश नुसता नावावर. १९३८ मध्ये त्यातला पहिला राजा तेथे कायमचा राहायला आला. त्याच १९३८ मध्ये इकडे औंधचा राजा अधिकार सोडण्याच्या गोष्टी करत होता. त्या देशात बायकांना मताचा हक्क १९८४ मध्ये मिळाला, तोही पुरुषांनी मतदान करून दिला तेव्हा. (काकींच्या सासूबाईंनी १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत वडूजमध्ये मत दिले होते, ते आठवून काकींना मोठी फुशारकी वाटली.) आणि २००३ मध्ये तेथील राजाने अधिक अधिकार मागितले. नाही दिलेत तर देश सोडून व्हिएन्नाला जातो म्हणाला. लोकांनी मते देऊन अधिकार दिले. पुढच्याच वर्षी त्याने रोजचा कारभार मुलाकडे सोपवला. पाटी वडिलांची, गल्ला मुलाकडे. हे मात्र कोणत्याही पेठेत समजण्यासारखे आहे.

काकींनी नातीला जे लिहिले ते तिने नंतर घरातील सर्वांना दाखवले. "तुझा राजा म्हणाला, गल्ला द्या नाहीतर घर सोडतो. आमचा राजा म्हणाला, गल्ला घ्या, मी घरातच आहे."

हे लिहून झाल्यावर त्या बराच वेळ हातात फोन धरून बसल्या. दुकानाच्या चाव्या त्यांनी यजमान गेले त्याच वर्षी धाकट्याच्या हाती दिल्या होत्या. त्यात त्यांना कधी कष्ट वाटले नाहीत. चाव्या दिल्या म्हणजे गावही दिले, असे कधी कोणी ठरवले, आणि आपण त्याला कधी मान हलवली?

* * *

उतरताना डोंगराच्या पोटातील भवानी संग्रहालयात शिरल्या नसत्या तर पुढचे काही घडले नसते. भवानराव स्वतः चित्रकार. शाळांतून सूर्यनमस्कार घालून घेणारा, 'चित्ररामायण' रंगवणारा, किर्लोस्करांना कुंडल रोडच्या माळावर कारखान्यासाठी जमीन देणारा हा राजा. त्याने आयुष्यभर जमवलेली चित्रे १९३८ मध्ये या इमारतीत मांडली. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे येथे आहेत, आणि हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि मूल' हे दगडी शिल्पही. रविवर्म्याच्या नायिकांची वस्त्रे काकींनी अर्थातच व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिली. जरीचा काठ कोणता, पोत कोणता. मूरचे शिल्प मात्र प्रथम त्यांना समजले नाही. चेहरा धड नाही, दागिना नाही, नेसण नाही. पुढे जाऊन त्या परत आल्या. आई आणि मूल एकाच दगडाचे. मूल कोठे संपते आणि आई कोठे सुरू होते ते नीट दिसावे म्हणून त्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने पाहू लागल्या, आणि मग शेजारच्या बाकावर बसल्या.

स्टँडवर आल्या तेव्हा ठरवलेली एसटी निघून गेली होती.

चूक सर्वस्वी त्यांची होती. फोन काढला तर काळा पडलेला. दिवसभर मुलाला आईचा ठिपका दाखवता दाखवता बॅटरी संपली होती. समोरच्या किराणा दुकानदाराने न मागता आपला फोन पुढे केला. काकींनी तो हातात घेतला आणि बोट थांबले. मुलाचा नंबर त्यांना पाठ नव्हता. कोणाचाच नव्हता. पाठ होता तो दुकानाचा जुना, तारेचा नंबर, जो बंद होऊन कित्येक वर्षे झाली. त्यांनी फोन परत दिला, "राहू द्या, भाऊ," म्हणाल्या आणि बाकावर येऊन बसल्या.

पुढची पंधरा-वीस मिनिटे त्यांना भीती वाटली. लटकी नव्हे, खरी. ऊन तांबूस झाले. पानपट्टीसमोर पोरे मोठमोठ्याने हसत होती. ती कशाला हसतात याचा अंदाज येईना. मुलगा म्हणाला ते बरोबरच होते, असे त्यांना वाटून गेले. एका दिवसाचा देश सांभाळता आला नाही, तर सारा जन्म उरला आहे तो कसा सांभाळणार? डोळ्यांत पाणीही आले असावे. पण सूर्य मावळायला थोडाच अवकाश होता आणि सूर्यास्तानंतर त्या काही घेत नसत. सवय भीतीपेक्षा जुनी होती. हातांनी आपसूक पिशवी उघडली. उरलेली दशमी, खाकऱ्याचा चुरा, अर्धी बाटली पाणी. खाताना पोटाबरोबर मनही थोडे जागेवर आले. डबा झाकून ठेवला तेव्हा डोंगरावर शेवटचे ऊन होते.

मग त्या उठल्या आणि पानपट्टीवरल्या त्या पोरांनाच विचारले, "वडूजला वडाप मिळेल का, बाळांनो?"

"मिळंल की काकी. ही काय, भरायला लागलीय."

जीपमध्ये चौघींच्या जागेत सहा जणी बसल्या होत्या. मांडीवर कोणाचे तरी झोपलेले मूल आले. पुढे कोठेतरी अंधार पडला.

* * *

धाकटा घराच्या पायरीवरच उभा होता. त्याच्या मोबाईलवर आईचा ठिपका दुपारीच गोठला होता, तो अजून संग्रहालयाच्या बाजूलाच होता. त्याने किती वेळा फोन लावला याची गणती सुनेने सांगितली. मोटारसायकलची किल्ली त्याच्या हातात होती.

हातपाय धुईपर्यंत काकींना विचार करायला वेळ मिळाला. फोन बंद पडला एवढेच सांगितले असते तरी चालले असते. यंत्राचा दोष, त्यात खोटे काही नव्हते. एसटी चुकल्याचे कोणाला कळणार? आणि ते सांगितले की पुण्याच्या बाजूचे पारडे जड होणार, हे उघड होते. काकींनी एवढा दिवस ज्यासाठी खर्ची घातला ते असे स्वतःच्या तोंडाने घालवायचे?

"एसटी चुकली," त्या म्हणाल्या. "संग्रहालयात बसून राहिले. चूक माझीच. तुझा नंबरही पाठ नव्हता. वडापने आले. आणि घाबरले होते, तेही सांगते."

मुलगा काही बोलला नाही. सुनेने गुडघ्याला लावायला तेल गरम करून आणले. रात्री उशिरापर्यंत थोरल्याशी फोनवर बोलणे चालले होते. भिंतीपलीकडून शब्द कळत नव्हते, चढउतार तेवढे कळत होते. सकाळी चहाच्या वेळी धाकटा म्हणाला, "वैशाखापर्यंत बघू. दर रविवारी मी येणार. आणि गॅस तू बदलायचा नाहीस, शेजारच्यांना हाक मारायची." अटी आणखीही होत्या. काकींनी दोन मान्य केल्या, एकीवर घासाघीस केली. व्यापाऱ्याच्या घरात याला भांडण म्हणत नाहीत.

टेम्पो आला तेव्हा कपाटे, काचेचे शोकेस, साड्यांचे गठ्ठे, शर्टिंगचे ताके, सारे चढले. गल्ल्यामागची गादी, लोड आणि सासऱ्यांचा लोखंडी गज तेवढा खाली राहिला होता.

"हे न्यायचं न्हाई का?" हमालाने विचारले.

"नाही," मुलगा म्हणाला. "ते आईचं."

टेम्पो पेठेच्या वळणावरून दिसेनासा झाल्यावर काकी रिकाम्या दुकानात गादीवर येऊन बसल्या. पेन्सिलीने त्यांनी भिंतीवर दोन्ही मुलांचे आणि नातीचा असे तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिले, आणि शाळेत पाढे म्हणत तसे मोठ्याने पाठ करायला घेतले.